पांढरा पदर

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात भाजीचा भाव मराठीत विचारला जातो आणि सुटे पैसे कन्नडमध्ये मोजून परत मिळतात. त्याचं इथं कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटावं अशी गोष्ट वेगळीच आहे. बायकांचं एक दुखणं दोन्ही भाषांमध्ये एकाच वस्त्राच्या नावाने बोललं जातं. मराठीत म्हणतात, अंगावर पांढरा पदर जातो. कन्नडमध्ये त्यालाच 'बिळी सेरगू' म्हणतात. बिळी म्हणजे पांढरा आणि सेरगू म्हणजे लुगड्याचा पदर. पदराआड झाकायच्या गोष्टीचं नावही कानाला पदराचंच वाटतं.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या कानाशी लागून कुणीतरी हळूच म्हणतं, "आक्का, पांढरं जातंय अंगावरनं." त्यावर तिला आजवर दोनच उत्तरं मिळत आली. पहिलं घरातलं: सगळ्याच बायकांना जातं, सोस. दुसरं बाजारातलं: पिशवी खराब झाली, उद्या कॅन्सर होईल, काढून टाक. पहिल्या उत्तरामुळे तपासणी राहून जाते आणि दुसऱ्यामुळे नको ती शस्त्रक्रिया होते. गेल्या दीड दशकातल्या संशोधनातून तिसरं उत्तर पुढे आलं आहे. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. पण योनिमार्गात कुठले सूक्ष्मजंतू नांदतात आणि पिशवीच्या तोंडाशी, म्हणजे गर्भाशयमुखाशी, आलेला एचपीव्ही नावाचा विषाणू टिकतो की निघून जातो, यांचा एकमेकांशी संबंध आहे.

हे दुखणं किती पसरलेलं आहे, हे जगाला पहिल्यांदा मोजून दाखवलं ते गडचिरोलीने. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि सरासरी एकेकीला तीनाहून अधिक आजार होते. पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढीच सरकारदरबारी व्याख्या होती. या निबंधानंतर ती तशी ठेवणं अवघड झालं.

आता त्या सूक्ष्मजंतूंकडे वळू.

दूध विरजायला ठेवलं की त्यातले जंतू दुधातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. दूध आंबट होतं आणि नासवणाऱ्या जंतूंना तिथे थारा मिळत नाही. योनिमार्गात निसर्गाने असंच एक विरजण लावलेलं असतं. १८९२ साली जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी त्या जंतूंचं वर्णन केलं. आज त्या कुळाला लॅक्टोबॅसिलस म्हणतात. मुलगी वयात आली की ईस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या आतल्या आवरणात ग्लायकोजेन साठू लागतं. ते फुटून तयार झालेल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे निरोगी योनीतला पीएच साधारण ३.५ ते ४.५ राहतो, म्हणजे बराच आंबट. पाळी कायमची थांबली की ईस्ट्रोजेन घटतं, ग्लायकोजेन कमी होतं आणि हे विरजणही पातळ होत जातं.

अर्थात सगळ्यांचं विरजण एकसारखं नसतं. २०११ साली अमेरिकेत जॅक राव्हेल यांच्या गटाने वेगवेगळ्या वंशांच्या ३९६ निरोगी स्त्रियांच्या नमुन्यांतल्या जंतूंची जनुकं वाचली. त्यातून या वस्तीचे पाच ढोबळ प्रकार निघाले. चार प्रकारांत लॅक्टोबॅसिलसच्या एकेका जातीचं राज्य होतं: क्रिस्पॅटस, गॅसेरी, इनर्स आणि जेन्सेनी. पाचव्या प्रकारात लॅक्टोबॅसिलस अगदी थोडे आणि गार्डनेरेलासारख्या, प्राणवायूविना वाढणाऱ्या अनेक जंतूंची गर्दी. या शेवटच्या प्रकारातल्या स्त्रिया आजारी होत्या असं नाही. त्यांना कसली तक्रारही नव्हती. तरीही पहारा बदललेला होता.

ही गर्दी वाढली आणि त्रास द्यायला लागली की डॉक्टर त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. पातळ, करडसर पांढरा स्राव आणि माशासारखा वास, विशेषतः संबंधानंतर, ही त्याची खूण. दह्यासारखा घट्ट स्राव आणि जिवाला खाणारी खाज असेल, तर ते बहुधा बुरशीचं काम असतं आणि त्याचं औषध वेगळं. पाळीच्या मध्यावर येणारा पारदर्शक, तार धरणारा स्राव तर आजारच नव्हे. दिसायला सगळंच 'पांढरं'. म्हणून न तपासता दिलेली एकच गोळी एकीला लागू पडते आणि दुसरीला नाही. म्हैसूरमध्ये ८९८ तरुण स्त्रियांच्या एका पाहणीत, साधारण दर पाचांमागे एकीला बॅक्टेरियल व्हजायनोसिस आढळला. त्यावर मेट्रोनिडॅझोलसारखं स्वस्त औषध आहे, पण वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना तो पुन्हा होतो.

पुन्हा का होतो, याचं एक उत्तर २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीतून मिळालं. फक्त बायकोला औषध दिलं तेव्हा १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींचा त्रास उलटला. नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिलं तेव्हा हेच प्रमाण ३५ टक्क्यांवर आलं. 'बायकांचं दुखणं' म्हणून दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसून राहणाऱ्या पुरुषांना आता आत बोलवावं लागणार, असा त्याचा अर्थ.

एचपीव्हीची गोष्ट वेगळ्या टोकापासून सुरू होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस आहे, हे जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून दाखवलं. सुरुवातीला त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं; २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यातले डझनभर कॅन्सरकडे नेऊ शकतात आणि १६ व १८ हे दोनच मिळून सुमारे ७० टक्के कॅन्सर घडवतात. तो लैंगिक संबंधातून, त्वचेला त्वचा लागून पसरतो. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक सगळ्याच स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतो. एका जोडीदाराशी आयुष्य काढलेल्या बाईलाही गाठतो. त्यामुळे एचपीव्ही निघाला म्हणून कुणाच्या वागण्याचा पंचनामा करण्याचं कारण नाही.

बहुतेकींच्या अंगातून तो दोनेक वर्षांत निघूनही जातो. दहातल्या नऊ जणींच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती त्याला हुसकावते. राहिलेल्या एकीच्या पिशवीच्या तोंडाशी, जिथे दोन प्रकारच्या पेशींची सीमा असते, तिथे तो मुक्काम ठोकतो. पेशींची बेसुमार वाढ रोखणारी दोन प्रथिनं तो निकामी करतो. मग पेशी बिघडू लागतात. त्या बिघाडापासून कॅन्सरपर्यंत यायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या स्त्रीत हा काळ निम्म्याहून कमी होऊ शकतो आणि धोका सहापट असतो. एचआयव्हीची झळ बेळगाव जिल्ह्याने फार जवळून सोसली आहे. सांगलीच्या 'संग्राम' संस्थेचं आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेचं काम निपाणीपर्यंत आलं ते त्यामुळेच.

दहातल्या त्या एकीच्याच अंगात विषाणू का राहतो? इथे विरजण पुन्हा कथेत येतं.

अमेरिकेत ३२ स्त्रियांनी १६ आठवडे, आठवड्यातून दोनदा स्वतःचे नमुने घेऊन दिले. रिबेका ब्रॉटमन यांच्या गटाने २०१४ साली त्यांचा हिशेब मांडला. लॅक्टोबॅसिलस गॅसेरीचं राज्य असताना एचपीव्ही सर्वांत लवकर हटत होता आणि लॅक्टोबॅसिलस विरळ असताना रेंगाळत होता. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अनिता मित्रा यांच्या गटाने पुढचा प्रश्न घेतला. ज्यांच्या पेशी मध्यम प्रमाणात बिघडल्या आहेत पण ज्यांच्यावर अजून उपचार केलेले नाहीत, अशा ८७ तरुणींवर त्यांनी दोन वर्षं लक्ष ठेवलं. सुरुवातीला लॅक्टोबॅसिलस भरपूर असलेल्या जणींमधला बिघाड आपोआप भरून येण्याची शक्यता अधिक होती. २०२० साली हे प्रसिद्ध झालं.

हे कसं घडतं, याचा थोडाफार उलगडा झाला आहे. आंबट वातावरण आणि दाट श्लेष्मा ही पहिली भिंत. गार्डनेरेला आणि तिच्या सोबतचे काही जंतू अशी विकरं सोडतात, की त्या श्लेष्माचे धागे तुटतात. आवरण सुजतं, त्याला बारीक चिरा पडतात आणि एचपीव्हीला तर खालच्या थरातल्या पेशींपर्यंत पोहोचायला अशी चीरच लागते. सूज वर्षानुवर्षं राहिली की प्रतिकारशक्तीचंही लक्ष उडतं. पण गोष्ट एकेरी नाही. विषाणूमुळेही जंतूंची वस्ती बदलू शकते. लॅक्टोबॅसिलस इनर्स नावाचा भाऊ तर कुंपणावरचा: कधी या बाजूला, कधी त्या. म्हणून कुठलाही जंतू 'कॅन्सरचं कारण' ठरलेला नाही. कारण एचपीव्हीच, जंतूंची वस्ती त्याला दार उघडं ठेवते किंवा लावून घेते.

इथून बाजार सुरू होतो. 'पीएच सांभाळणारे' सुगंधी वॉश, प्रोबायोटिक कॅप्सूल, घरगुती तुरटीचं पाणी. योनी आतून धुवायची गरज नसते. साबण, डेटॉल किंवा तुरटीने विरजणच वाहून जातं आणि मोकळ्या जागेवर नको ते जंतू बसतात. बाहेरून साधं पाणी पुरतं. आपल्या जेवणातलं दही चांगलंच, पण त्यातले लॅक्टोबॅसिलस वेगळ्या जातींचे. ते खाऊन किंवा लावून एचपीव्ही जातो असा पुरावा नाही.

निपाणीत आणखी एक धागा जोडून पाहावा लागतो. हे तंबाखूचं गाव. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, ते इथेच. वखारींतल्या कामगार स्त्रियांनी संघटना बांधली, तिच्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट गटाने दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. धूळ, धग आणि तुटपुंजी मजुरी यांबद्दल त्यात त्या बायका स्वतः बोलतात. धूम्रपानामुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे पक्कं ठरलेलं आहे. ओढणाऱ्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या श्लेष्मात निकोटिन सापडतं आणि धूम्रपान करणाऱ्यांत लॅक्टोबॅसिलस कमी असल्याचंही दिसलं आहे. हा पुरावा विडी ओढणाऱ्यांबद्दलचा आहे, वळणाऱ्या हातांबद्दलचा नव्हे. तरी या भागात तंबाखू ओढणं सोडण्याला तोंडाच्या कॅन्सरखेरीज आणखी एक कारण जोडता येतं.

'पिशवी काढून टाक' या उत्तराची किंमत बीडने दाखवली. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या बीडहून निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगावच्या साखरपट्ट्यात उतरतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडे आले. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पांढरं जातं, पोटात दुखतं, पाळीत खाडा पडतो, अशा तक्रारींवर कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रिया झाल्याचं अनेकींनी सांगितलं. काहींचं वय तिशीच्या आतलं. बीजकोशही गेले की विशी-तिशीतच पाळी जाण्याची सगळी लक्षणं आणि हाडांची झीज सुरू होते. आठवडाभराच्या गोळ्यांनी भागणारं काम आयुष्यभराच्या तोट्यावर गेलं.

खरं उत्तर शोधण्याचं काम याच मराठी मुलखात झालं आहे, आणि त्याची जगभर नोंद आहे. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. त्यानंतर टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गावांचे चार गट केले. एकात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणारी पॅप स्मिअर, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांनी, एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, तर नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. पुढच्या टप्प्यावर गेलेले कॅन्सर अनुक्रमे ३९ आणि ८२. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवलं म्हणून या अभ्यासावर पुढे कडक टीकाही झाली. पण आयुष्यात एकदा केलेली एक चाचणी मरण जवळजवळ निम्म्यावर आणते, ही गोष्ट २००९ साली जग शिकलं ते मराठवाड्याच्या खेड्यांकडून. त्या अभ्यासातली आणखी एक नोंद बोलकी आहे. ज्यांची एचपीव्ही चाचणी निर्दोष आली त्यांच्यात पुढे कॅन्सर निघण्याचं प्रमाण, पॅप किंवा डोळ्यांनी केलेली पाहणी निर्दोष आलेल्यांच्या एक चतुर्थांशाहूनही कमी होतं.

मुंबईच्या वस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने आणखी स्वस्त वाट तपासली. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रियांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे घरातल्या व्हिनेगरसारखंच द्रावण, लावायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का पाहायचं. दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सरकारने २०१६ साली हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली: ३० ते ६५ वयात, दर पाच वर्षांनी. कागदावरून गावात येताना मात्र ती वाटेत अडली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी झाल्याचं सांगितलं. दरवर्षी भारतात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्याने जातात.

बेळगावला उपकेंद्राच्या ताकदीबद्दल कुणी शिकवायला नको. २००२ ते २००५ या काळात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने याच जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर एक चाचणी केली. बाळंतपणानंतर नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या द्यायच्या, एवढाच तो उपाय. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं आणि २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांनी अनेक देशांतल्या बाळंतपणाची रीत बदलली. ज्या नर्सबाईंनी ते केलं, त्यांच्याच हाती एचपीव्हीच्या नमुन्याची काडी देता येते. किंबहुना तीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने बाईने स्वतःच नमुना घेण्याची पद्धत मान्य केली आहे. पडद्याआड जायचं, काडी आत फिरवायची, नळीत घालून द्यायची. पदर ढळत नाही.

एचपीव्हीच्या लशीचंही एक मूळ याच मुलखात रुजलं आहे. २००९ साली पुणे, बार्शीसह देशात अनेक ठिकाणी दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे तपासायला एक अभ्यास सुरू झाला. दुसऱ्याच एका प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून वादळ उठलं आणि २०१० मध्ये सरकारने अभ्यासांतलं सगळंच एचपीव्ही लसीकरण थांबवलं. त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही, म्हणून दहा वर्षांनी कळलं की चिकटून राहणाऱ्या १६ आणि १८ क्रमांकांच्या संसर्गापासून एका डोसनेही ९५ टक्के संरक्षण मिळतं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल म्हणून सांगितलं, त्यामागे या भारतीय आकडेवारीचा मोठा आधार होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' लशीला परवानगी मिळाली. लस खरी उपयोगी पडते ती विषाणूशी गाठ पडण्याआधी, म्हणजे ९ ते १४ वयात.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते बेळगावात केएलई संस्थेच्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन झालं. निपाणीच्या बाईला उपचारासाठी आता मुंबईची गाडी धरावी लागेलच असं नाही. पण तिथे पोहोचायची वेळच येऊ नये, याची सोय गावातच व्हावी लागते, आणि ती सुरू होते प्रश्नांनी. "आक्का, पांढरं जातंय" म्हणणाऱ्या बाईला नर्सबाईंनी खुर्ची पुढे करायची. विचारायचं: कधीपासून जातंय? वास येतो का, खाज आहे का? संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं का? आतून कशाने धुता का? वय तिशीपुढचं असेल, तर पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली होती? मालक बाहेर बसलेत का, त्यांनाही आत बोलवू. आणि घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी आहे का?